सासूबाई यायच्या आधी मला दोन दिवस एकटीने अयुथयाला जायचंय, चुकतंय का माझं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी छत्तीस वर्षांची, मूळची नाशिकची, नवऱ्याच्या बदलीमुळे दीड वर्षापासून बँकॉकमध्ये. सुखुमवित भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, तिचं स्वतःचं काम घरूनच, लॅपटॉपवर. आल्यापासून पाहुणे सतत. कोणाचा हनिमून, कोणाची कंपनी ट्रिप, कोणी पटायाला जाता जाता "दोनच दिवस" राहणारं. प्रतूनामची खरेदी आणि सफारी वर्ल्ड तिला आता पाठ झालंय. डिसेंबरात सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण दहा दिवसांसाठी येतायत, आणि त्याआधी तिला दोन दिवस एकटीने अयुथयाला, म्हणजे थायलंडच्या जुन्या, आता पडक्या राजधानीत, जायचंय. नवरा म्हणतो, "आई आली की सगळेच व्हॅन करून जाऊ, एका दिवसात होतं, दोनदा कशाला?" मैत्रीण म्हणते, पडक्या विटा आहेत गं नुसत्या, अर्ध्या दिवसात उरकतं. तिला विचारायचंय की एकटीने जाणं हा स्वार्थीपणा आहे का, तिथे जायचं कसं आणि दोन दिवस करायचं तरी काय, आणि नंतर सासूबाईंना नेलं तर त्या कंटाळणार नाहीत ना.

उत्तर

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पत्र चांगलं लांबलचक आहे आणि त्यात अयुथयाबद्दल जेमतेम एक परिच्छेद आहे, बाकी सगळं पाहुण्यांबद्दल. कोण किती वाजता उठतं, कोणाला चहात आलं चालत नाही, कोणाला इंडियन रेस्टॉरंटशिवाय जमत नाही. म्हणून तुझ्या प्रश्नाकडे जायच्या आधी माझाच एक प्रश्न. तुला बँकॉकपासून लांब जायचंय की तुझ्या त्या दोन खोल्यांपासून? कारण ट्रॅफिक, गर्दी, ऊन असं सगळं तू लिहिलंयस खरं, पण नुसतं शहरच नको झालं असेल तर त्याला दोन दिवसही लागत नाहीत. क्लाँग तोईच्या धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे बांग क्राचाओला गेलीस की भाड्याची सायकल, नारळाची झाडं आणि दलदलीवर बांधलेल्या अरुंद सिमेंटच्या वाटा, आणि तुझ्या घरापासून हे अगदी जवळ आहे. तिथे तू अजून गेली नाहीस ना? माझा अंदाज आहे की नाही गेलीस, कारण पाहुण्यांच्या यादीत ते नसतं.

हे टोमणा म्हणून नाही म्हणत. तुला हवा आहे तो असा दिवस ज्यात "आता पुढे काय?" हे कोणी तुला विचारणार नाही, आणि तसा दिवस मागायला तू इतिहासाचा आधार घेतेयस. नुसतं "मला एकटीला राहायचंय" म्हटलं तर घरात प्रश्न उठतो, तेच "मला वर्ल्ड हेरिटेज बघायचंय" म्हटलं की जरा बरं वाटतं. आपल्याकडच्या बऱ्याच बायका हे करतात, देवदर्शन, माहेरचं लग्न, डोळ्यांची तपासणी, काहीतरी कारण लागतंच. माझं म्हणणं एवढंच की नवऱ्याला खरं कारण सांग. कारण तू "अवशेष बघायचेत" म्हणालीस की त्याचं "मग सगळेच जाऊ" हे उत्तर अगदी लॉजिकल आहे, त्या बिचाऱ्याची त्यात काही चूक नाही. "मला दोन दिवस कोणाचंच काही बघायचं नाहीये" असं म्हटलंस तर व्हॅनचा मुद्दाच येत नाही.

आता दुसरं गृहीतक, की अयुथया म्हणजे शांत. तर नीट ऐक, ते शांत गाव वगैरे काही नाहीये. चांगलं नांदतं शहर आहे, रस्त्यावर पिकअप गाड्या पळतायत, कोपऱ्याकोपऱ्यावर सेव्हन इलेव्हन, शाळा सुटली की स्कूटरींची झुंबड. आणि सकाळी दहाच्या सुमाराला बँकॉकहून टूरच्या व्हॅन आणि बसेस येऊन थडकायला लागतात, मग दुपारी तीनेक वाजेपर्यंत वाट महाथात (वाट म्हणजे थाईत देऊळ) इथल्या त्या झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धाच्या मस्तकासमोर फोटोची रांग. तू आणि तुझा नवरा व्हॅनने एका दिवसात गेलात तर बरोब्बर त्याच पाच तासांत पोचाल, आणि मग तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं तुला पटेल, की विटा आहेत, ऊन आहे, झालं बघून. तिचं चुकलंय असं नाही, ती चुकीच्या वेळेला गेली असणार. तिथली शांतता मिळते सकाळी आठला दारं उघडतात तेव्हापासून तासदीड तास, आणि पुन्हा चार वाजल्यापासून अंधार पडेपर्यंत. त्यासाठी रात्रीचा मुक्काम तिथे पाहिजे. "दोनदा कशाला, दोन दिवस कशाला" याला माझं उत्तर हेच आहे.

आणि मुळात ते शांत कधीच नव्हतं, ही मला त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. १३५१ साली वसलेली राजधानी, चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी अशा तीन नद्यांच्या मधे आणि एक बाजू कालव्याने जोडून केलेलं बेट, समुद्रातून जहाजं वर येऊ शकतील एवढं जवळ आणि शत्रूचं आरमार सहज येणार नाही एवढं आत. चिनी, जपानी, इराणी, डच, फ्रेंच, सगळ्यांची वस्ती. पोर्तुगीजसुद्धा. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कनेच पुढच्या वर्षी मलाक्का घेतल्यावर आपला दूत अयुथयाला पाठवला होता, आणि बेटाच्या दक्षिणेला नदीकाठी त्यांची वस्ती होती तिथे जुन्या चर्चचा पाया आणि उकरून काढलेल्या कबरी आजही बघता येतात. म्हणजे तू जिथे शांततेसाठी जातेयस ते त्या काळचं बँकॉकच होतं, बंदर, दलाल, गोदामं, पंचवीस भाषांची बडबड. १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मी सैन्याने वर्षभराहून जास्त चाललेल्या वेढ्यानंतर ते घेतलं आणि जाळलं. चारशेहून जास्त वर्षांची राजधानी, ती परत तिथे उभी राहिलीच नाही. आधी थोनबुरी आणि मग १७८२ पासून नदीच्या अलीकडे बँकॉक. नव्या राजधानीच्या बांधकामासाठी अयुथयाच्या पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून खाली आणल्या, आणि बँकॉकचा जुना भागही मुद्दाम कालवे खणून बेटासारखा केला, अयुथयासारखाच. ग्रँड पॅलेसमधलं वाट फ्रा केओ तू पाहुण्यांना दाखवून दाखवून कंटाळली असशील, ते ज्याच्या धर्तीवर आहे ते राजवाड्यातलं देऊळ म्हणजे वाट फ्रा सी सानफेट, तीन मोठे चेदी, म्हणजे स्तूप, ओळीने उभे आहेत ते. बँकॉकमध्ये सोनेरी मुलामा आणि सेल्फी स्टिकांची गर्दी, इथे त्याच कल्पनेचा सांगाडा. हे डोक्यात ठेवून गेलीस तर पडक्या विटा नुसत्या विटा राहत नाहीत.

आता कसं जायचं, कारण तू ते विचारलंयस आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. ट्रेनने जा. तुझ्या सुखुमवित स्टेशनवरून एमआरटी मेट्रोची निळी लाईन सरळ बांग सूला जाते, तिथेच क्रुंग थेप अफिवात हे नवीन मोठं स्टेशन, लांब पल्ल्याच्या गाड्या २०२३ पासून तिथूनच सुटतात. साध्या गाड्या मात्र अजून जुन्या हुआ लाम्फोंगवरून निघतात, तेही त्याच निळ्या लाईनवर आहे. साध्या गाडीत थर्ड क्लास, पंखे, उघड्या खिडक्या, तिकीट वीस बाटच्या आसपास, दीड-दोन तास, आणि टोपलीत खायला घेऊन चढणाऱ्या बायका. एसी पाहिजे तर एक्सप्रेसचं तिकीट काढ, जास्त पैसे जातील पण ठीक आहे. थायलंडची पहिली सरकारी रेल्वेलाईन हीच, बँकॉक ते अयुथया. आणि जे मुंबईहून डॉन मुआंग विमानतळावर उतरतात त्यांनी तर बँकॉकमध्ये शिरायचीही गरज नाही, विमानतळाला लागूनच स्टेशन आहे, तिथूनच उत्तरेकडची गाडी पकडायची. हे आपल्याकडच्या टूरवाले सहसा सांगत नाहीत, कारण त्यांचं पॅकेज बँकॉक-पटाया-बँकॉक असतं.

अयुथया स्टेशनला उतरलीस की टुकटुकवाले पुढे येतील, हसून नाही म्हण. समोरचा रस्ता ओलांडून सरळ गल्लीत गेलीस की पासाकचा धक्का, तिथून काही बाटमध्ये छोटी बोट पलीकडे बेटावर सोडते. धक्क्याच्या आसपास आणि चाओ फ्रोम बाजाराच्या बाजूच्या गल्ल्यांत सायकली भाड्याने मिळतात, गेस्टहाउसही तिथेच भरपूर. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे तुला सायकल जमेल. फक्त बेटाच्या कडेने जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर जपून, आणि सकाळी लवकर भटक्या कुत्र्यांपासून जरा लांब. एकटी बाई म्हणून तुला जी भीती वाटतेय त्यापेक्षा मला तिथल्या दुपारच्या उन्हाची जास्त भीती वाटते, डिसेंबरातसुद्धा. दुपारी बारा ते तीन बाहेर पडूच नको. झोप काढ. किंवा चाओ साम फ्राया म्युझियममध्ये जा, आणि त्याची गोष्ट मात्र आधी माहीत असू दे. १४२४ मध्ये राजा वारला, दोन मोठे राजपुत्र गादीसाठी हत्तींवरून एकमेकांशी लढले आणि दोघेही मेले, राज्य गेलं तिसऱ्या धाकट्याकडे, तोच हा चाओ साम फ्राया. त्याने भावांच्या आठवणीसाठी वाट रात्चाबुराना बांधलं. त्याच्या पोटातल्या तळघरात सोनं होतं ते १९५७ मध्ये चोरांनी फोडलं, बरंच गेलं, उरलेलं सरकारी खात्याने खणून काढलं आणि ते ठेवायला हे म्युझियम उभारलं, पैसा कुठून आला तर तिथेच सापडलेल्या छोट्या बुद्धप्रतिमा देणगीदारांना देऊन. आधी सकाळी देऊळ आणि मग दुपारी म्युझियम असं केलंस तर दोन्हींचा अर्थ लागतो. सगळी देवळं बघायची नाहीत हां. तिकिटाच्या खिडकीवर अनेक देवळांचं मिळून एकत्र तिकीट मिळतं आणि ते घेतलं की आपल्या माणसाला ते वसूल करायचं सुचतं, मग सहाच्या सहा देवळं पळत पळत. नको.

माझ्या मते तुझ्यासाठी असं. पहिल्या दिवशी दुपारनंतर पोच, संध्याकाळी नदीतून बोटीने बेटाला फेरी मार, तशा बोटी शेअरमध्ये मिळतात, साधारण दोन तास, आणि ती बोट वाट चायवत्थनाराम या देवळाशी थांबते, १६३० मध्ये बांधलेलं, नदीच्या पश्चिमेला. तिथे थाई मुली जुन्या काळचे पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढत असतात, २०१८ मध्ये अयुथया काळावरची एक टीव्ही मालिका तुफान चालली तेव्हापासून हे फारच वाढलं. तेवढी गर्दी असणार, पण ती हसरी गर्दी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला वाट महाथात. मस्तकाजवळ फोटो काढायचा तर खाली बसायचं, बुद्धाच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर नको, तिथला वॉचमन सांगतोच. आणि मुंडकं नसलेल्या मूर्तींच्या मागे उभं राहून आपलं डोकं तिथे लावायचा फोटो कृपा करून कोणी काढू नका, आपल्याच लोकांचे असे फोटो इन्स्टावर बघून लाज वाटते. बाकी दिवस मोकळा ठेव. एखाद्या पडक्या विहाराच्या कट्ट्यावर तासभर बसलीस आणि काहीच बघितलं नाहीस तरी चालेल, तू त्यासाठीच गेलीयस. हत्तीची सवारी दिसेल, माझं मत घेशील तर बसू नको, त्या उन्हात पाठीवर खुर्ची आणि माणसं घेऊन डांबरी रस्त्यावर चालणारा हत्ती बघून तुझाच मूड जाईल.

आणि खा. नदीतली मोठी कोळंबी भाजून देतात ती महाग असते पण खा, बोट नूडल्स खा, आणि परत येताना रोटी साय माय घे, हिरवट पातळ पोळी आणि तिच्यात गुंडाळायला साखरेचे रंगीत तंतू, आपल्या म्हातारीच्या केसांची मुस्लिम बल्लवांनी केलेली मोठी बहीण म्हण. सरकारी हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत.

स्वार्थीपणाबद्दल आता. सासूबाई तुझ्या नवऱ्याच्या आई आहेत, त्या येणार म्हणून आधीचे दोन दिवस तू घरात नसलीस तर नक्की कोणाचं काय अडतं? पत्रात तू लिहिलंयस "घर लावायचं असतं, सामान भरायचं असतं". ते त्याने करावं. त्याला भरता येतं सामान, तुमच्या खालीच सुपरमार्केट आहे असं तूच लिहिलंयस. आणि त्या आल्यावरही दहाच्या दहा दिवस तूच फिरवायचं असं कुठे ठरलंय? त्याने दोन दिवस रजा टाकावी, आईला आणि मावशीला आयकॉनसियाम मॉलला न्यावं, त्या दोघींनाही मुलाबरोबर एकटं राहायला आवडेल, सून बरोबर असली की त्याही जरा पाहुण्यासारख्याच वागतात. तू हे भांडण म्हणून मांडू नको, तारखा म्हणून मांड. बुधवार-गुरुवार मी नाही, शनिवार-रविवार तू घेऊन जा, असं. तारखेशी वाद घालणं लोकांना जड जातं.

हेच बाकी पाहुण्यांनाही. परदेशात राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांची हीच तक्रार माझ्याकडे येते, दुबई असो की सिंगापूर, आणि सगळ्यांना वाटतं की नाही म्हटलं तर माणसं तुटतील. सरसकट नाही म्हणायची गरज नसते. फॅमिली ग्रुपवर आधीच टाकायचं की अमुक ते अमुक आम्ही आहोत, एवढे दिवस आमच्याकडे राहा, फिरणं तुमचं तुम्ही, संध्याकाळचं जेवण एकत्र. ज्याला यायचंय तो तरीही येतो. ज्याला फक्त फुकट हॉटेल हवं होतं तो जरा विचार करतो, आणि खरं सांगू, करू दे.

आता सासूबाई कंटाळतील का. मला कळत नाही तू हे परस्पर कसं ठरवलंस. तू त्यांना विचारलंयस का? अडुसष्टच्या बाईला पडक्या देवळांत रस नसेल असं आपण समजतो आणि मग त्यांना मॉलमध्ये नेऊन चार तास बाकावर बसवतो. त्यांना मात्र व्हॅन किंवा तासावर ठरवलेली टुकटुकच बरी, सायकल नको, आणि भाव आधीच बोलून घ्यायचा, कोणती देवळं ते फोनवर नकाशात दाखवून. चढउताराच्या पायऱ्या फार आहेत म्हणून रात्चाबुरानाचं तळघर वगळायचं. उलट त्यांना वाट फनान चोएंगला ने, नदीकाठी, अयुथया वसायच्याही आधीचं, १३२४ मधलं, आत एकोणीस मीटर उंच बसलेली सोनेरी बुद्धमूर्ती आणि भाविक लोकांची ये-जा, उदबत्त्या, वर चढवायची भगवी वस्त्रं. तिथे पूजा रोज चालते, आणि माझा अनुभव आहे की आपल्या म्हाताऱ्या बायकांना तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. गाभाऱ्यात जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत, साडीला काही प्रॉब्लेम नाही. नाव अयोध्येवरून आलंय आणि पहिल्या राजाचं नाव रामाथिबोदी होतं एवढं सांगितलंस तर पुढची चौकशी त्याच करतील.

शाकाहारी असतील तर "जे" लिहिलेली पिवळी पाटी शोध, लाल अक्षरात असते. त्यात मांस-मासे-अंडं काही नसतं आणि कांदा-लसूणही नसतो, म्हणजे सासूबाईंच्या उपासाच्या नियमांत बऱ्यापैकी बसतं. साध्या हॉटेलात "भाजी" म्हणून जे येतं त्यात फिश सॉस असतोच असं धरून चाल. आणि फोय थोंग नावाच्या सोनेरी शेवयांसारख्या गोडाला त्या भुलतील, ती अंड्याच्या बलकाची आहे, आधीच सांगून ठेव. पोर्तुगीजांकडून आलेलं गोड आहे ते, थाई लोक त्याचं श्रेय मारिया गुयोमारला देतात, १७व्या शतकात नाराय राजाच्या दरबारात फॉल्कन नावाचा ग्रीक माणूस मोठ्या हुद्द्यावर होता त्याची बायको.

एक शक्यता अजून. दोन दिवस अयुथयात राहून तुला वाटलं की नाही बाई, हेही गजबजलेलंच आहे, तर मग पुढच्या वेळी सुखोथाई. तिथलं जुनं शहर नव्या शहरापासून बारा किलोमीटर लांब आहे, कमळांची तळी आणि मोकळी हिरवळ, आणि रात्री खरंच काही नाही. पण बसने सहा-सात तास लागतात, तीन-चार दिवस हाताशी हवेत. आत्ता डिसेंबरच्या तोंडावर ते ओढू नको.

तारखांचं मात्र लगेच बघ. अयुथयाला युनेस्कोचा दर्जा मिळाला तो १३ डिसेंबर १९९१ ला, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर तिथे दरवर्षी मोठी जत्रा असते, साउंड-लाइट शो वगैरे, तेव्हा खोल्या महाग आणि रस्ते भरलेले. तू त्याच्या आधी जा आणि शनिवार-रविवार टाळ. सासूबाईंना उलट त्या जत्रेतच न्यायचं असेल तर रूम आत्ता बुक कर. आणि त्या दोघींचं डिजिटल अरायव्हल कार्ड, टीडीएसी, ते येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, पूर्ण फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइट्स खोट्या. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी एकदा बघून घ्या. हा फॉर्म नवऱ्याला भरू दे.